पळवाटेवरची तीन चाकं

कार्ल बेन्झला चौथं चाक नको होतं असं नाही. पुढची दोन चाकं नीट वळवायची कशी, हे त्याला सुटत नव्हतं.

मोटारीचा जन्मदाखला म्हणून ज्या जर्मन पेटंटचा हवाला दिला जातो, ते ३७४३५ क्रमांकाचं पेटंट २९ जानेवारी १८८६ या तारखेचं आहे. त्यातल्या गाडीला मागे दोन मोठी चाकं आणि पुढे एक लहान चाक. सव्वाशे-दीडशे वर्षं आपण 'चारचाकी' हा शब्द मोटारीला पर्यायी म्हणून वापरत आलो, आणि मूळ पुरुषालाच चाकं तीन! कारण अगदी व्यवहारी होतं. गाडी वळते तेव्हा आतल्या बाजूचं चाक लहान वर्तुळ कापतं, बाहेरचं मोठं. दोन्ही चाकं सारख्याच कोनात वळवली तर त्यातलं एक रस्त्यावर घासत, फरफटत जातं. घोडागाडीत सगळा आसच मधल्या खिळ्यावर फिरवायचे. घोडे पुढून ओढत असतात तोवर ते चालून जातं. मागून इंजिन ढकलायला लागलं की एका चाकाखाली दगड आला तरी अख्खा आस हिसका देतो. बेन्झनं भानगडच मिटवली. पुढे एकच चाक ठेवलं, सायकलसारखं.

गंमत म्हणजे उत्तर जवळपास सत्तर वर्षांपूर्वीच पेटंटच्या दप्तरात पडून होतं. म्युनिकच्या लांकेन्सपर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्यानं प्रत्येक चाकाला स्वतःचा खिळा देण्याची युक्ती काढली आणि लंडनमध्ये आकरमननं १८१८ साली तिचं पेटंट घेतलं. बेन्झ स्वतःच्या वाटेनं त्या उत्तरापाशी पोचला, १८९३ मध्ये त्यानं आपलं पेटंट घेतलं आणि 'व्हिक्टोरिया' नावाची गाडी चार चाकांवर उभी केली. म्हणजे पहिल्या मोटारीचं तिसरं चाक ही निवड नव्हतीच, अडचण होती. अडचण सुटली तशी ते निघून गेलं.

मधल्या काळात त्या तीनचाकीनं एक मोठं काम मात्र केलं. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत वीस्लोखच्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेऊन तिनं टाकी भरली, इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली, ब्रेकच्या ठोकळ्यांना चांभाराकडून चामडं लावून घेतलं. या हकिगतीतलं हे सगळं सांगितलं जातं. मला त्यातलं न सांगितलं जाणारं दिसतं. घोडागाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या दोन असतात. चाकं तीन असली की मधलं चाक चाकोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून, टापांनी उखडलेल्या पट्ट्यावरून जाणार. हँडल धरणाऱ्याच्या मनगटांना तो दिवसभराचा मार बसला असणार. तीनचाकीचं हे दुखणं आजही गेलेलं नाही. रस्त्यातला खड्डा दोन चाकांच्या मधून काढायची सोय चारचाकीवाल्याला असते. तीनचाकीत मधोमध चाक असतंच.

बेन्झच्याही आधीचं एक धूड पॅरिसच्या कला-तंत्र संग्रहालयात उभं आहे. निकोला-जोसेफ क्यून्योनं १७७० च्या सुमारास तोफा ओढण्यासाठी बनवलेली वाफेवरची गाडी. तिलाही तीन चाकं. पुढच्या एकट्या चाकावर इंजिन आणि त्याच्याही पुढे लोंबणारा प्रचंड बॉयलर. वळवायचं म्हणजे चाकासकट तो सगळा संसार वळवायचा. माणूस चालतो त्या वेगानं ती जायची. तिचा फोटो पाहिला की मला सुकाणूवरच्या सैनिकाची कीव येते. बाकी तिच्याबद्दल इथे जास्त सांगण्यासारखं नाही.

तीनचाकी मोटारींचा मला नाद आहे. माझ्या लिहिण्याच्या टेबलावर मेसरश्मिट या जर्मन तीनचाकीची बोटभर लांबीची प्रतिकृती असते आणि काम अडलं की मी ती पुढेमागे फिरवत बसते. इतकी वर्षं त्यांच्याविषयी वाचल्यावर माझं एक मत झालं आहे. तीनचाकी गाडी क्वचितच कुणाला हवी म्हणून जन्माला आली. ती आली करखात्याच्या कोष्टकातून, लायसन्सच्या नियमांतून, टंचाईतून. तीनचाकी म्हणजे बहुतेक वेळा मोटारीनं कायद्यातून काढलेली पळवाट. नियम बदलला किंवा लोकांच्या खिशात चार पैसे खुळखुळले की ती नाहीशी व्हायची. आज तिच्याविषयी पुन्हा जे बोललं जातंय, त्यात पहिल्यांदाच एक निराळं कारण डोकावतंय असं मला वाटतं. पण तिथे पोचण्याआधी तिच्या अंगात मुळातच काय आहे ते पाहायला हवं.

तिपाई कधी डुगडुगत नाही. जमीन कितीही ओबडधोबड असो, तीन पाय टेकतातच, कारण तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं. चौथा पाय आला की एखादा अधांतरी राहण्याची शक्यता आली. तीनचाकीची बाजू घेणारे इथवर सांगतात आणि थांबतात. तिपाईला वळण घ्यायचं नसतं, ही गोष्ट ते सांगत नाहीत.

गाडी वळणावर उलटते ती बाहेरच्या बाजूच्या चाकांना जोडणाऱ्या रेषेवरून. चारचाकीत ही रेषा गाडीच्या कडेनं सरळ जाते. तीनचाकीत ती एकट्या चाकापासून जोडीतल्या बाहेरच्या चाकापर्यंत तिरपी जाते, म्हणजे गाडीच्या पोटातून. गुरुत्वमध्य एकट्या चाकाच्या जितका जवळ, तितकी ही रेषा त्याच्या जवळ आणि तितकी गाडी उलटायला सोपी. समजा, जोडीतल्या चाकांमध्ये १४० सेंटिमीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य एकट्या चाकापासून लांबीच्या दोन-तृतीयांशावर आहे. तर चारचाकीला बाजूला जो ७० सेंटिमीटरचा आधार मिळाला असता, तो तीनचाकीला सुमारे ४७ च मिळतो. एक-तृतीयांश गेला. तो भरून काढायला गाडी बुटकी करा, वजन जोडचाकांकडे सरकवा, नाहीतर वळणावर बेतानं घ्या.

आता एकटं चाक पुढे ठेवायचं की मागे? माझ्या दृष्टीनं तीनचाकीचा निम्मा इतिहास या प्रश्नात आहे. एकटं चाक पुढे असलेली गाडी बनवायला सोपी. मोटरसायकलचं पुढचं अंग घ्या, मागे दोन चाकांवर खोकं ठेवा, सामानाला ऐसपैस जागा. पण वळणात ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, म्हणजे नेमकं जिथे आधार अरुंद आहे तिकडे, आणि गाडी पुढच्या कोपऱ्यावर कलंडू पाहते. माणूस घाबरून जे करतो, म्हणजे वळताना ब्रेक, तेच या गाडीला सगळ्यात वाईट. पुढे दोन आणि मागे एक चाक असेल तर ब्रेक दाबल्यावर वजन रुंद बाजूला येतं. दगा द्यायचाच झाला तर वळणात जोरात वेग वाढवताना देईल, आणि घाबरलेला माणूस वेग वाढवत नाही. शिवाय मागच्या एकट्या चाकालाच इंजिन जोडलं तर डिफरन्शियल, म्हणजे वळताना जोडीतल्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा, लागत नाही. त्या चाकावर भार कमी म्हणून ओल्या रस्त्यावर ते जागच्या जागी फिरतं, हा त्यातला तोटा.

इंग्लंडातल्या माल्व्हर्न लिंकच्या एच. एफ. एस. मॉर्गननं १९०९ मध्ये हे बरोबर ओळखलं. त्याची पहिली गाडी एका माणसापुरती. पुढे दोन चाकं, मागे एक, नाकावर मोटरसायकलचं दोन सिलिंडरचं इंजिन उघडंवाघडं टांगलेलं, मागच्या चाकाला साखळी. पुढची चाकं उभ्या खांबांवर वरखाली सरकायची, प्रत्येक स्वतंत्रपणे. स्वतंत्र सस्पेन्शन हा शब्द बड्या मोटारींच्या जाहिरातीत यायला अजून बराच अवकाश होता. लंडनच्या १९१० च्या ऑलिम्पिया प्रदर्शनात गाडी लोकांना आवडली, मागणी मात्र दोन बैठकींच्या गाडीला आली. मॉर्गननं तीही केली. वजन इतकं कमी की थोड्या ताकदीत गाडी सुसाट जायची. १९१३ मध्ये फ्रान्समधल्या आमियाँला हलक्या गाड्यांची ग्राँ प्री शर्यत झाली, त्यात मॉर्गन सगळ्यांच्या पुढे होती.

पण मॉर्गन खपली ती केवळ वेगावर नाही. १९२० च्या ब्रिटिश कररचनेत मोटारीला घोडाशक्तीमागे १ पौंड वार्षिक कर होता. ८ हंड्रेडवेटच्या आतल्या, म्हणजे साधारण ४०६ किलोपर्यंतच्या, तीनचाकीला सरसकट ४ पौंड. कायद्याच्या लेखी ती मोटरसायकलच्या गोतातली. एक चाक काढून टाकलं की कर निम्म्यावर! त्या एका आकड्यानं अख्खा धंदा उभा केला. आणि १९३५ मध्ये मोटारींवरचा कर उतरला तसा तो ओसरायलाही लागला. पुढच्याच वर्षी मॉर्गननं आपली पहिली चारचाकी आणली. नाव 'फोर-फोर': चार चाकं, चार सिलिंडर. नावातच जाहीर करून टाकलं की बाबांनो, आता आम्हीही इतरांसारखे. जुन्या तीनचाकी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हळूहळू निघत राहिल्या.

महायुद्धानंतरच्या जर्मनीत तीनचाकीला दुसरा जन्म मिळाला आणि या प्रकरणावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण टेबलावरची ती प्रतिकृती इथली. फ्रित्स फेन्ड या अभियंत्यानं १९४८ च्या सुमारास युद्धात पाय गमावलेल्यांसाठी एक छोटं तीनचाकी वाहन बनवलं. अपंग नसलेले लोकही ते मागायला लागले. मेसरश्मिट कंपनीला तेव्हा विमानं बनवायला बंदी होती आणि रेगन्सबुर्गचा कारखाना काम शोधत होता. त्यातून १९५३ मध्ये केआर १७५ आणि १९५५ मध्ये केआर २०० आली.

ही गाडी जवळून पाहण्यासारखी आहे. पुढे दोन चाकं, मागे एक. माणसं एकामागे एक बसणार, म्हणून अंग अरुंद. दार नाही. वरचं पारदर्शक घुमट-झाकण एका कुशीवर कलतं आणि आपण आत पाय टाकायचा. युद्धविमानांची उरलेली झाकणं वापरली, ही दंतकथा अजून सांगितली जाते, ती खरी नाही. स्टिअरिंग गोल नाही, दुचाकीच्या दांड्यासारखं आणि चाकांना थेट जोडलेलं. जरा मनगट हललं की गाडी हलली. मागे १९१ सीसीचं एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. रिव्हर्स गिअर नाहीच, पण गाडी मागे जाते. इंजिन बंद करायचं, किल्ली अजून आत दाबायची आणि पुन्हा चालू करायचं. इंजिन उलटं फिरायला लागतं. टू-स्ट्रोकला उलटसुलट सारखंच. म्हणजे या गाडीला मागे जायला चार गिअर आहेत! पुढच्या वेगानं मागे जाण्याचा हक्क कुणाला कशाला लागतो, हा प्रश्न फेन्डला पडला नसावा. एक दातेरी चाक आणि ते बसवायची जागा वाचली, एवढंच त्यानं पाहिलं असणार. काटकसरीतून अशी विक्षिप्त गंमत निघते तेव्हा मला कुठल्याही आलिशान गाडीपेक्षा ती जास्त मोहात पाडते. १९६४ पर्यंत सुमारे ४० हजार केआर २०० निघाल्या.

तिची मावसबहीण इसेटा. मूळ इटलीतल्या इझो कंपनीची, पुढे बीएमडब्ल्यूनं घेतलेली. मोठ्या मोटारींनी ही कंपनी जवळपास बुडवली होती, तिला तगून राहायला १९५५ ते ६२ मध्ये विकलेल्या १ लाख ६० हजारांहून जास्त इसेटांनी हात दिला. खरं तर बहुतेक इसेटांना चार चाकं, फक्त मागची दोन अगदी चिकटून. अडीचशे सीसीच्या आत इंजिन असेल तर जर्मनीत जुन्या दुचाकीच्या लायसन्सवर चालायची. ब्रिटनमध्ये तेवढ्यानं भागत नव्हतं. तिथे स्वस्त कर आणि मोटरसायकलचं लायसन्स हवं असेल तर चाकं तीनच हवीत, म्हणून ब्रायटनच्या जुन्या रेल्वे कारखान्यात मागच्या एकाच चाकाच्या इसेटा बनल्या. आता बघा, नियमांच्या मागे लागून एखादं यंत्र कुठे जाऊन पोचतं. इसेटाचं दार नाकावर, फ्रीजच्या दारासारखं पुढे उघडणारं. स्टिअरिंग उजवीकडे नेल्यावर चालक आणि इंजिन दोघंही एकाच बाजूला आले, म्हणून डाव्या बाजूला वजन ठेवावं लागलं. मोटरसायकलच्या लायसन्सवर चालवायची तर कायद्यानं रिव्हर्स गिअर चालत नसे. म्हणजे एखाद्यानं गाडी भिंतीला नाक लावून उभी केली तर दार उघडत नाही आणि गाडी मागेही जात नाही. सुटका टपाच्या कापडातून. १९६३ मध्ये ती रिव्हर्सची अट गेली. तोवर या बुडबुडा-गाड्यांचे दिवस भरत आले होते.

१९५६ च्या सुएझ कालव्याच्या पेचानं पेट्रोल टंचाईत ढकललं तेव्हा याच गाड्यांची चलती झाली होती. त्या पाहून ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या प्रमुखाचं पित्त खवळलं आणि त्यांना रस्त्यावरून हटवील अशी खरीखुरी लहान मोटार बनवायला त्यानं अॅलेक इसिगोनिसला सांगितलं. १९५९ मध्ये मिनी आली. चार माणसं, चार चाकं, किंमत आवाक्यात. इटलीत दोन वर्षं आधी फियाट ५०० आलीच होती. चौथं चाक परवडायला लागल्यावर तिसऱ्यावर कोण थांबतो?

थांबणारे होते. इंग्लंडातल्या टॅमवर्थची रिलायन्ट कंपनी. सायकलवाल्या रॅले कंपनीनं तीनचाकी व्हॅन बंद करायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या टॉम विल्यम्सनं ती स्वतः बनवायला घेतली, १९३५ मध्ये. पुढे एक चाक ही ठेवण त्या व्हॅनकडून आली आणि रिलायन्टला जन्मभर पुरली. १९५३ ची रीगल, १९७३ ची रॉबिन. पुढे फायबरग्लासचं अंग आलं, गंजायचा प्रश्न नाही. १९६२ पासून स्वतःचं अॅल्युमिनियमचं इंजिन. वजनाची मर्यादा पाळायची तर लोखंडाला जागाच नव्हती. गिऱ्हाईक म्हणजे मोटरसायकलचं लायसन्स असलेला, साइडकारला कंटाळलेला, बायकामुलांना पावसात भिजवायचं नसलेला कामगार. त्या लोकांनी या गाड्या इमानेइतबारे तीस-चाळीस वर्षं चालवल्या. बाकी देशानं त्यांना हसून घेतलं. एका टीव्ही कार्यक्रमात रॉबिन प्रत्येक वळणावर आडवी पडताना दाखवली आणि ते चित्र जगभर गेलं. सादरकर्त्यानं पुढे स्वतःच सांगून टाकलं की गाडी सहज उलटावी म्हणून डिफरन्शियलमध्ये फेरफार केले होते. ही कबुली मात्र त्या चित्रफितीइतकी पसरली नाही. पुढे एक चाक असलेली गाडी निवडावी असं मी कुणाला सांगणार नाही, पण रॉबिनची इतकी टिंगल व्हायला नको होती. २००१ मध्ये रिलायन्टनं तीनचाकी बनवणं थांबवलं.

आइल ऑफ मॅन बेटावरची पील पी५० ही गाडी मी एका परिच्छेदात उरकते. लांबी १३७ सेंटिमीटर, एक माणूस, एक दार, ४९ सीसी, रिव्हर्स नाही. मागे एक मूठ आहे, ती धरून गाडी उचलायची आणि फिरवायची. १९६२ ते ६५ मध्ये जेमतेम पन्नासेक झाल्या.

अमेरिकेत तीनचाकीचा किस्सा वेगळाच. तिथे करातली सवलत फारशी कुणाला नको होती, रस्ते रुंद, पेट्रोल स्वस्त. म्हणून तिथली तीनचाकी स्वप्नाळूंच्या आणि ठकांच्या हाती गेली. बकमिन्स्टर फुलरची १९३३ ची डायमॅक्सिअन अकरा माणसांची, सहा मीटर लांब, माशासारखी. पुढची दोन चाकं गाडी ओढणार आणि मागचं एकटं चाक वळवणार, जहाजाच्या सुकाणूसारखं. जागच्या जागी वळणं पाहून लोक थक्क व्हायचे. पण मागून वळणारी गाडी वेगात आणि आडव्या वाऱ्यात आवरत नाही. त्याच वर्षी शिकागोत दुसऱ्या मोटारीशी झालेल्या अपघातात तिचा चालक गेला. तीन गाड्या बनल्या, कारखाना बंद पडला. १९४७ च्या डेव्हिस डिवानमध्ये चार माणसं एका ओळीत बसायची. वितरकांकडून पैसे घेतले आणि गाड्या दिल्याच नाहीत म्हणून मालकाला फसवणुकीची शिक्षा झाली. तेलसंकटाच्या वेळी 'डेल' आली, गॅलनला ७० मैल, किंमत २००० डॉलरच्या आत. नमुन्याच्या गाड्या धड चालतही नव्हत्या. तेही प्रकरण फसवणुकीच्या खटल्यात संपलं. ही यादी वाचताना तीन तिघाडा काम बिघाडा हेच आठवतं. पण ठक तीनचाकी का निवडतात याचं मला कुतूहल आहे. माझा अंदाज असा: एक चाक कमी हे पाहताक्षणी पटतं. स्वस्त कशी, तर एक चाक कमी. हलकी कशी, तर एक चाक कमी. पुढचा हिशेब कुणी मागत नाही.

क्लाइव्ह सिंक्लेअर ठक नव्हता. खिशातल्या कॅल्क्युलेटरपासून घरगुती संगणकापर्यंत त्यानं खरोखर स्वस्त करून दाखवलं होतं. जानेवारी १९८५ मध्ये त्यानं सी५ आणली: ३९९ पौंड, पॅडल आणि बॅटरी, ताशी २४ किलोमीटर. १९८३ च्या नव्या नियमानं अशा वाहनाला ना लायसन्स लागत होतं ना कर, वय १४ पुरे. पुन्हा पळवाटच, आणि या वेळी गाडीच तिच्या मापानं कापलेली. चालवणारा इतका खाली बसायचा की ट्रकवाल्याला तो दिसेल याची खात्री नाही. वरून उघडी, आणि अनावरण भर हिवाळ्यात. ऑगस्टपर्यंत उत्पादन बंद झालं. आज शहराशहरांत बॅटरीवरच्या सायकली फिरताना दिसतात, तेव्हा कल्पनेत चूक नव्हती हे कळतं. शिशाची जड बॅटरी आणि जमिनीलगतची ती बैठक, तिथे घोडं अडलं.

आता आजचं. नियमांची पळवाट आजही आहे. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत तीन किंवा कमी चाकांवर चालणारं वाहन मोटरसायकल ठरतं. मोटरसायकल ठरलं की मोटारीसाठी सक्तीच्या टक्कर-चाचण्या आणि एअरबॅग लागू होत नाहीत. नव्या कंपनीचा त्यात मोठा खर्च वाचतो, म्हणून गेल्या वीस वर्षांत तिथे तीनचाकीच्या कल्पना पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. एलिओनं ६८०० डॉलरच्या गाडीचं आश्वासन देऊन हजारो लोकांकडून आगाऊ रक्कम घेतली, गाडी काही आली नाही. आर्किमोटोनं गाड्या बनवल्या, धंदा टिकला नाही. सोलो नावाची एका माणसाची विजेची गाडी रस्त्यावर आली, पण चालता चालता शक्ती जाण्याच्या दोषामुळे २०२३ मध्ये कंपनीनं विकलेल्या सगळ्या ४२९ गाड्या परत विकत घेतल्या.

हे सगळं पाहून मी तीनचाकीचा नाद सोडून द्यायला हवा. सोडत नाही, कारण बॅटरीनं गणित थोडं हलवलं आहे.

आधी एक गैरसमज. तीन चाकं म्हणजे रस्त्याशी घर्षण एक-चतुर्थांश कमी, असं सर्रास लिहिलं जातं. तसं नसतं. टायरचा रोध मुख्यतः त्यांच्यावरच्या एकूण वजनावर ठरतो. चार चाकांचं वजन तीनवर टाकलं तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतं, बेरीज जवळपास तीच. एका चाकाचा, त्याच्या ब्रेकचा आणि सस्पेन्शनचा भार वाचतो, तेवढाच फायदा. खरी बचत हवेत आहे. हमरस्त्यावरच्या वेगात गाडीची बहुतेक शक्ती हवा बाजूला सारण्यात जाते, आणि हवेला कमीत कमी त्रास देणारा आकार पुढे गोल-रुंद, मागे निमुळता होत जाणारा असतो. बेडकाच्या पिल्लासारखा म्हणा. चार चाकांच्या गाडीत मागचा भाग निमुळता करायला गेलं की मागची दोन चाकं आडवी येतात. मागे एकच चाक असेल तर ते शेपटीत जाऊन बसतं. मॉर्गनच्या काळापासून चांगली मानलेली ठेवण, पुढे दोन मागे एक, आणि वाऱ्याला आवडणारा आकार, दोन्ही एकच निघतात.

पेट्रोलच्या गाडीत याचं फार काही वाटत नसे. थोडं जास्त पेट्रोल जाळलं की झालं, टाकी स्वस्त. विजेच्या गाडीत अंतर वाढवायचं तर बॅटरी वाढवायची, म्हणजे पैसे आणि वजन दोन्ही वाढवायचं. आकारात वाचवलेली प्रत्येक गोष्ट थेट बॅटरीतून वजा होते. कॅलिफोर्नियाची ॲप्टेरा कंपनी या एका मुद्द्यावर उभी आहे. २००६ च्या सुमारास सुरू, २०११ मध्ये बंद, २०१९ मध्ये मूळ संस्थापकांनी पुन्हा उभी केली. दोन माणसं, वायुरोधाचा गुणांक ०.१३ असा दावा. नेहमीच्या मोटारींचा ०.२५ ते ०.३० च्या घरात असतो. अंगावर सुमारे ७०० वॉटचे सौरपट्टे आणि लख्ख उन्हात दिवसाला ६४ किलोमीटरपर्यंत फुकट, हाही कंपनीचाच दावा. साध्या विजेच्या मोटारीच्या टपावर एवढे पट्टे लावले तर त्यातून याच्या निम्म्याहून कमी अंतर मिळेल. ॲप्टेरा किलोमीटरला साध्या मोटारीच्या निम्म्याहून कमी वीज खाते म्हणून ऊन पुरतं. वर्षानुवर्षं 'येणार, येणार' ऐकलेलं असल्यानं मी कंपनीच्या तारखांवर भरवसा ठेवत नाही. कल्पनेवर मात्र ठेवते. तिसऱ्या चाकाला करखात्याबाहेरचं कारण मिळाल्याचं इथे दिसतं.

दुसरी एक वाट कलण्याची. दुचाकीसारखी वळणात आत झुकणारी तीनचाकी. मर्सिडीजनं १९९७ मध्ये, टोयोटानं २०१३ मध्ये अशा नमुन्यांची प्रात्यक्षिकं दिली आणि नेदरलँडच्या कार्व्हरनं तर ती विकलीही. उलटण्याचा दोष त्यात मुळावरच घाव घालून काढला जातो, कारण गाडी उलटायच्या दिशेला न जाता विरुद्ध दिशेला कलते. मोटारीची अर्धी रुंदी आणि दुचाकीचं वळण. गर्दीच्या शहरासाठी यापेक्षा शहाणी गोष्ट मला सुचत नाही. पण कलवणारी यंत्रणा महाग पडते, आणि तीनचाकी महाग झाली की लोक हिशेब विचारतात.

हौसेचं काय, तर ती आहेच. मॉर्गननं २०११ मध्ये तीनचाकी पुन्हा आणली, २०२२ मध्ये तिची जागा फोर्डच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाच्या सुपर ३ नं घेतली. टप नाही, दार नाही, कर वाचवायला कुणी ती घेत नाही. एकेकाळी जी गाडी परवडत नसलेल्यांची होती ती आता ज्यांच्या दारात दोन-तीन मोटारी आधीच आहेत त्यांची झाली आहे. मला यात थोडं वाईट वाटतं आणि चालवायला मिळाली तर मी नाही म्हणणार नाही.

उद्या ॲप्टेरासारखी गाडी खरंच विक्रीला आली, तर किंमत आणि अंतर सगळेच विचारतील. मी विक्रेत्याला दोन गोष्टी विचारीन. सक्ती नसताना मोटारींच्या सगळ्या टक्कर-चाचण्या करून घेतल्यात का आणि त्यांचे निकाल दाखवाल का? आणि मागचं ते शेपटीतलं चाक भर रस्त्यात पंक्चर झालं, तर त्याच्यापर्यंत हात पोचायला गाडीचं किती अंग उघडावं लागतं?